फिरत्या वहीतलं माझं पान

मी चौथीपर्यंत शिकलो असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे चौथीत बसलो, पास झालो नाही. तरी माझ्या हातचं एक पान पवनीच्या पक्क्या वहीत चढलं आणि ते वाचून कितीतरी गावांतली बंद इंजिनं चालू झाली. हा मोठेपणा मी कुणाजवळ मिरवला नाही असं नाही. भरपूर मिरवला. ते पान कशामुळे लिहावं लागलं, तेवढं मात्र गाळून सांगत आलो. आता वय झालं. गाळून सांगायलाही दम लागतो.

आमचं गाव सिहोऱ्याजवळ. सगळा धानाचा मुलूख. आणीबाणी उठली त्या सुमारास मोठा भाऊ आणि मी, दोघांनी मिळून पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घेतलं आणि नाल्याच्या काठावर मोहाच्या झाडाखाली बसवलं. पावसाळी धान सगळेच घेत. आम्हाला उन्हाळी घ्यायचं होतं.

ते इंजिन सुरू करायला दोन माणसं लागत. एकाने हँडल फिरवायचं, चाकाने जोर धरला की दुसऱ्याने वरची कळ पाडायची. हँडल भावाकडे, कळ माझ्याकडे. भाऊ अंगाने दणकट, तोंडाने कमी. "पाड" एवढंच म्हणायचा. मी पाडली की इंजिन धडधडायला लागायचं आणि तो हात झाडत बांदीकडे निघून जायचा. बांदी म्हणजे आमच्याकडे धानाचा बांध घातलेला तुकडा. इंजिनाचं आतलं काम मी पाहायचो. कुणी शिकवलं नव्हतं. खोलून, जोडून, बोटं चेचून शिकलो. याला इंजिनातलं समजते, असं गावात म्हणायला लागले होते आणि मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात डिझेलच्या टाकीचं झाकण नाल्यात पडलं आणि गाळात गेलं. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, टाकीच्या तोंडावर ताणून बसवला आणि सुतळीचे चार वेढे देऊन करकचून बांधला. अवकाळी पाऊस येऊन गेला होता. आत थेंब जायला नको, एवढाच माझा हिशोब.

"पाहून घे," मी भावाला म्हटलं. "कंपनीले नाही जमत असं झाकण."

"बरं आहे," तो म्हणाला.

त्याच दिवशी तो तुमसरहून सायकलवर डिझेलचा डबा घेऊन आला होता. टाकीत नवं डिझेल, वर नवं झाकण. इंजिन सुरू झालं आणि वीसेक मिनिटांनी आचके देत बंद पडलं. मी सुतळी सोडून ट्यूब उचलली तर टाकीने सुस्स असा आवाज केला. आत डिझेल भरपूर होतं. नळीतली हवा काढली, भावाने हँडल मारलं, सुरू. वीस मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा ट्यूब उचलली, पुन्हा सुस्स.

मी टाकीत नाक घातलं. ज्याला जो वास हवा असतो त्याला तो येतो.

"रॉकेल आहे याच्यात," मी म्हटलं. "गॅस धरून राहिलं. आवाज नाही ऐकला?"

"पंपावरून आणलं. माह्यासमोर भरलं."

"मंग डब्यात काय होतं आधी?"

"काई नाही. धुऊन नेला होता."

"धुऊन नेला म्हणते. मंग इंजिन काय खोटं बोलून राहिलं?"

बाजूच्या बांदीत बाया निंदत होत्या, त्या थांबून ऐकायला लागल्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गावचा एक म्हातारा बसला होता. तो हसत म्हणाला, "रॉकेलच असन गा. अर्धं डिझेल वाटेत कोणाले तरी विकून रॉकेल भरलं असन तुह्या भावानं." थट्टाच होती. पण आमच्या गावात थट्टा एकदा उभी राहिली की खाली बसत नाही. माझा भाऊ असा नाही, एवढं मी तिथेच म्हणायला हवं होतं. मी नोझल खोलत होतो. मान वर केली नाही.

आठ दिवस हेच चाललं. मी स्वतः जाऊन दुसरं डिझेल आणलं, तरी वीस मिनिटांनी बंद. तेव्हा मी म्हटलं, रॉकेलने आतला पंपच खराब केला. एकदा म्हटलेलं मागे घ्यायची मला सवय नव्हती. तिकडे खालच्या दोन बांद्या पिवळ्या पडल्या आणि गावात माझ्या भावाला "डिझेलवाले" म्हणायला लागले. पानठेल्यावर गेला की कुणीतरी विचारायचं, "का डिझेलवाले, आज काय भाव?"

धान काढून झाल्यावर तो बायको-लेकरांना घेऊन सासुरवाडीला निघाला, एकोडीला. साकोलीकडचं गाव, आमच्यापासून दोन बस बदलून जायचं.

"इंजिन तुह्यं," तो म्हणाला. "मले चोर म्हणणाऱ्या गावात नाही राहत मी."

"मी नाही म्हटलं चोर."

"तू काईच नाही म्हटलं."

एवढं बोलून त्याने ट्रंक उचलली.

त्यानंतर मी एकटाच इंजिन सुरू करायला शिकलो. कळीला सुतळी बांधली, सुतळीचं टोक दातात धरलं आणि दोन्ही हातांनी हँडल मारायचं. जोर आला की मान झटकून कळ पाडायची. पाहणाऱ्याला हसू यायचं. मदतीला कुणाला बोलावलं नाही. गावात हात खूप होते, पण मला इंजिनातलं समजतं म्हटल्यावर कुणाला बोलावू?

आता खरी गोष्ट. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मला ट्यूब पुन्हा बांधायचा कंटाळा आला. म्हटलं, बंदच पडणार आहे, कशाला चार वेढे द्यायचे. ट्यूब नुसती टाकीवर टाकून दिली. इंजिन सुरू झालं. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, सूर्य कलला तरी बंद पडेना. मी मोहाच्या मुळावर बसून होतो. पाणी पाटातून धो धो चाललं होतं. डिझेल खाली जातं तर त्याच्या जागी वरून हवा आत यायला हवी. मी हवेची वाटच बांधून ठेवली होती. सुस्स आवाज गॅस बाहेर येण्याचा नव्हता, बाहेरची हवा आत शिरण्याचा होता. प्रत्येक वेळी मी ट्यूब उचलून आत पाहत होतो, तेवढ्यानेच इंजिन दुरुस्त होत होतं. आणि मी म्हणत होतो, माझ्या हातगुणाने झालं.

भावाने आणलेलं डिझेल चांगलं होतं.

मी खिळ्याने ट्यूबला छेद पाडला आणि घरी गेलो. घरच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, विचारलं, "आज नाही बंद पडलं इंजिन?" मी म्हटलं, "दुरुस्त केलं." ती म्हणाली, "भासऱ्यांले कळवा मंग. त्यांले बरं वाटन." भासरे म्हणजे तिचा मोठा दीर, माझा भाऊ. मी जेवत होतो, जेवतच राहिलो.

वहीची गाठ पडली ती तुमसरला, इंजिनाच्या सामानाच्या दुकानात. मी वॉशर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गल्ल्याच्या मागून खाकी पिशवीतली जाड वही काढली आणि म्हणाला, "तुम्ही स्वतःच खोलता ना इंजिन? मंग हे घेऊन जा. पंधरा दिवसांत परत आणा."

पवनीला एक म्हातारे मिस्त्री होते, खाणीतून निवृत्त झालेले फिटर. ही वही त्यांनी सुरू केली होती. त्या काळी मिस्त्री लोक दुरुस्तीचा नेमका क्षण आला की मालकाला पाणी आणायला पाठवत, म्हणजे त्याने पाहू नये. पवनीच्या म्हाताऱ्याला याचा राग होता. जे ज्याला समजलं ते त्याने वहीत लिहायचं आणि वही पुढच्या गावाला द्यायची. नऊ-दहा गावं होती. वही एसटीच्या कंडक्टरबरोबर जायची, लग्नाला निघालेल्या पाहुण्याबरोबर जायची, बाजाराच्या बैलगाडीत जायची. माणसांची नावं लिहीत नसत, खाली गावाचं नाव टाकायचं. एकोडी. पवनी. मी झालो सिहोरा.

पहिल्या पानावर नियम होते. दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही, पटलं नाही तर खाली लिहायचं. एखाद्याने उपाय लिहिला की दुसऱ्या गावाने तो स्वतःच्या हाताने करून पाहायचा आणि "करून पाहिलं" असं लिहायचं. दोन गावांचं "करून पाहिलं" आलं की ते पान पवनीच्या पक्क्या वहीत उतरवलं जाई. पक्की वही पवनीला मिस्त्रींच्या ओसरीवर असे. कुणीही यावं, उतरवून न्यावं. नव्या माणसाने पहिलं वर्ष स्वतःचं पान लिहायचं नाही, फक्त दुसऱ्यांचं करून पाहायचं. आणि शेवटचा नियम, मोठ्या अक्षरात: आधी आपली चूक लिहा, मग उपाय.

वही पवनीहून फिरून आली तेव्हा गावांच्या यादीत सिहोऱ्यापुढे म्हाताऱ्याने लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, "शिकाऊ." मी तीस ओलांडलेला, मिशा पिळणारा माणूस. ते वाचून वही परत फेकावीशी वाटली. पण फेकली नाही. का नाही फेकली ते खरं सांगतो. त्या वहीत माणसं बोलत होती. माझ्याशी तेव्हा फारसं कुणी बोलत नव्हतं, म्हणजे मीच बोलत नव्हतो. इथे कुणी लिहीत होतं, "पंपाच्या फूटव्हॉल्वमध्ये खेकडा अडकला होता, मी तीन दिवस पिस्टनला शिव्या दिल्या." त्याखाली दुसरा लिहीत होता, "आमच्याकडे बेडूक होता. शिव्या त्याच." मी मोहाखाली बसून वाचायचो, अक्षर जोडत जोडत, ओठ हलवत. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता.

वर्षभर मी करून पाहिलं. तेल गळतंय तिथे सुताचा धागा गुंडाळून पाहिला. पट्टा घसरतो त्यावर डिंक लावून पाहिला, आणि तो उपाय उन्हात उपयोगाचा नाही असं खाली लिहिलं. त्यावर लाल पेन्सिलीने आलं, "सिहोरा, बरोबर. पवनी." ती ओळ मी मंडळींना वाचून दाखवली. तिने विचारलं, "हे पवनी म्हणजे कोण?" मी म्हटलं, "माह्या ओळखीचे आहेत." मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

वर्ष संपलं, शिकाऊ शब्द गेला आणि मी माझं पान लिहिलं. "इंजिन वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणाला छेद पाडा. सिहोरा." दोन ओळी. चूक लिहिली नाही. कशाला लिहायची? उपाय खरा होता.

वही फिरून आली. खाली एकाने लिहिलं होतं, "झाकणाला छेद असतोच." दुसऱ्याने, "आमच्या झाकणाला आहे. मग काय पाहायचं?" तिसरी ओळ एकोडीची होती. "सिहोऱ्याच्या झाकणाला छेद का नव्हता?" लाल पेन्सिलीने शेवटी, "चूक कुठे आहे?"

एकोडीची ओळ मी दोनदा वाचली. एकोडीचा मिस्त्री माझ्या भावाच्या गावचा. मी जे लिहीन ते त्या गावात संध्याकाळपर्यंत पारावर पोचणार, हे मला दिसत होतं.

मी तेच पान पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. तसंच परत आलं. तेव्हा मी एसटीने पवनीला गेलो, तोंडावर सांगायला. वैनगंगेच्या काठाला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. म्हातारा ओसरीवर चष्म्याला दोरा बांधून बसला होता. अंगाने इतका लहान की मला वाटलं, याच्याशी भांडायला दोन बस बदलून आलो?

"सिहोरा," मी म्हटलं.

"बसा सिहोरा. पाणी घ्या. झाकणाले छेद काहून नव्हता?"

"नव्हता."

"कंपनी देते ना छेदाचं झाकण."

"हरवलं होतं."

"मंग काय लावलं?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"चिंधी लावली का? चिंधीतून तं हवा जाते. लाकडाचा गट्टू लावला?"

"उपाय बरोबर आहे का नाही तेवढं सांगा," मी म्हटलं.

"मले नाही माहीत. मी पाहिलं नाही. तुम्ही काय केलं ते लिहान तं दुसरा तसंच करून पाहीन. तुम्ही नुसता शहाणपणा लिहिला. त्याचं काय करून पाहाचं?"

"चौथी शिकलेला आहे मी. जास्त लिहिता नाही येत."

"दोन ओळी येते तं चार येते," म्हातारा म्हणाला आणि आतून चहा मागवला. चहा चांगला होता. मी अर्धाच घेतला, म्हणजे माझा राग त्यांना कळावा. त्यांना कळला की नाही देव जाणे, ते चष्म्याचा दोरा बांधत होते.

त्यानंतर वर्षभर मी वही घेतली आणि एक अक्षर न लिहिता पुढे पाठवली. वाचायचो फक्त. लोक एकमेकांना विचारत होते, थट्टा करत होते, आणि सिहोरा गप्प होता. एका पानावर कुणीतरी लिहिलं, "सिहोऱ्याचं इंजिन बंद पडलं काय?" खाली दुसऱ्याने, "झाकणाला छेद पाडा." मला हसू आलं आणि मग ते हसू तोंडातच राहिलं. बाजूला कुणी नव्हतं.

मंडळींनी एकदा विचारलं, "रोज रोज काय वाचता त्याच्यात?"

"इंजिनाचं आहे."

"भासऱ्यांचं काई आहे का?"

"त्यांचं काहून असन?"

"एकोडी लिहिलं आहे म्हणून विचारलं." ती शाळेत गेली नव्हती, पण एस.टी.च्या पाटीवरून एकोडी हा शब्द ओळखायला शिकली होती. केव्हा शिकली, मला माहीत नव्हतं.

मग एका फेरीत लाखनीकडच्या एका गावाचं पान आलं. नवं अक्षर होतं, माझ्याहून वाईट. "इंजिन अर्ध्या तासाने बंद पडते. पंप बदलला. नोझल बदललं. डिझेल ज्याच्याकडून आणतो तो भेसळ करतो असं वाटते, त्याच्याशी भांडण झालं, बोलणं बंद आहे. धान वाळून राहिलं. कोणाले माहीत असन तं सांगा." खाली चार गावांनी चार उपाय लिहिले होते. एकही खरा नव्हता. त्या माणसाने प्रत्येकाखाली लिहिलं होतं, "करून पाहिलं, नाही झालं."

मी वही मांडीवर घेऊन बसलो. माझ्या दोन ओळी त्याच वहीत पंधरा पानं मागे होत्या. त्याने त्या वाचल्या असतील आणि सोडून दिल्या असतील, कारण त्याच्या झाकणाला छेद होता. कंपनीचं झाकण. छेद असूनही बंद का, ते त्याला सुचणार नव्हतं. मला एका क्षणात सुचलं, कारण छेद बुजला की टाकी कसा आवाज करते हे त्या वहीतल्या कुणापेक्षा मला जास्त माहीत होतं. आणि तिकडे एक माणूस चांगलं डिझेल विकून भेसळवाला झाला होता.

त्या दिवशी इंजिन सुरू केलं नाही. सकाळी लिहायला बसलो ते ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलो. हे लिहिलं:

"माझी चूक. टाकीचं झाकण हरवलं. मी सायकलची ट्यूब घट्ट बांधली, हवेला जागा ठेवली नाही. इंजिन वीस मिनिटांनी बंद पडे. ट्यूब उचलली की सुस्स आवाज येई. तो हवा आत जाण्याचा आवाज होता, मी रॉकेलचा गॅस समजलो. डिझेल आणणाऱ्यावर खोटं घातलं. त्याचं डिझेल चांगलं होतं. उपाय. झाकण उघडताना आवाज येतो का ऐका. येत असेल तर छेद बुजला आहे. तारेने मोकळा करा. डिझेलवाल्याशी भांडू नका. सिहोरा."

वही दुपारच्या बसने लाखनीकडे पाठवली, वाट न पाहता. नियमाने ती आधी दुसऱ्या गावाला जायची होती. मग दोन महिने मी वाट पाहिली. त्या दोन महिन्यांत मी जेवलो, झोपलो, धानाची रोपं लावून रोवणा केला, पण दर बाजाराला तुमसरच्या दुकानात जाऊन उभा राहायचो. दुकानदार मला पाहिलं की मान हलवायचा. शेवटी कंटाळून म्हणाला, "पोरीचं पत्र आल्यासारखी वाट पाहून राहिले तुम्ही."

वही आली. लाखनीकडच्या माणसाने लिहिलं होतं, "करून पाहिलं. आवाज आला. छेदात कुंभारीण माशीने माती भरली होती. काढली. इंजिन दिवसभर चाललं. डिझेलवाल्याला भेटून आलो." त्याखाली एकोडी. "करून पाहिलं. मुद्दाम ट्यूब बांधली. वीस नाही, पंचवीस मिनिटांत बंद. बरोबर आहे." आणि लाल पेन्सिल, "पक्क्या वहीत घेतलं."

मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराला दाखवलं. त्याने वाचलं, म्हणाला, "वा," आणि गिऱ्हाइकाकडे वळला. घरी येईपर्यंत सांगायला दुसरं कुणी आठवलं नाही.

पुढे काही वर्षांनी वीज आली, मोटारी बसल्या, इंजिनं भंगारात गेली. पवनीचे मिस्त्री वारले आणि वही कुठल्या गावात थांबली ते कुणाला माहीत नाही. पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहतं, आणि तेच सांगायला हे सगळं लिहिलं.

पान पक्कं झाल्यावर वही एकोडीला पाठवायची माझी पाळी आली. कंडक्टरकडे न देता मी स्वतः घेऊन निघालो. मनात असं होतं की एकोडीच्या मिस्त्रीने भावाला सगळं सांगितलं असेल, आता मला काही बोलावं लागणार नाही. मी नुसता जाऊन बसेन.

भाऊ सासऱ्याच्या बांदीचा फुटलेला बांध भरत होता. मला पाहून थांबला नाही. आणखी चार फावडी माती टाकली, मग वर आला. वहिनीने पाणी दिलं.

"मिस्त्री सांगत होता," तो म्हणाला. "तू काई लिहून राहिला म्हणते."

"लिहिलं."

"कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी आहे ते. वही आहे."

"मले वाचता येते का?"

मला माहीत होतं येत नाही. ढोरं राखायला घरी कुणी हवं होतं म्हणून तो शाळेत गेला नव्हता, आणि तो घरी होता म्हणून मी चौथीपर्यंत गेलो होतो.

"वाच मंग," तो म्हणाला.

मी पान काढून वाचलं. स्वतःचं अक्षर असून दोनदा अडखळलो. वहिनी दारात उभी होती. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "डिझेल आणणारा म्हणजे कोण?"

"तू."

"तसं लिहिलं आहे?"

"वहीत नावं लिहीत नाही. नियम आहे."

"भाऊ हे नाव आहे का?"

मी खिशातून पेन्सिल काढली. खोडता येत नव्हतं. लाल पेन्सिलीच्या ओळीखाली थोडी जागा होती, तिथे लिहिलं, "डिझेल आणणारा माझा मोठा भाऊ होता." त्याने वही स्वतःच्या हातात घेतली. हाताला माती होती, ती आधी धोतराला पुसली.

"याच्यात भाऊ कोणतं?"

मी बोट ठेवलं. तो त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग वही मिटून परत दिली आणि वहिनीला म्हणाला, "चहा ठेव. याची चारची बस आहे."

मला वाटलं होतं, चल म्हणेल, किंवा राहा म्हणेल, किंवा निदान शिवी देईल. आम्ही चहा घेतला. त्याने धानाचं विचारलं, मी सांगितलं. मी म्हटलं, "गावी येजो कधी." तो म्हणाला, "पाहू." वही मिस्त्रीच्या घरी ठेवून आम्ही दोघं रस्त्यापर्यंत चालत आलो. बस जवळजवळ भरून आली. दाराशी लोकांची रेटारेटी सुरू झाली तशी त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, मागच्या खिडकीतून आत हात घालून रिकाम्या जागेवर टाकला आणि मला म्हणाला, "तिथं बस. आपली जागा आहे म्हण."

मी आत जाऊन बसलो. दुपट्टा खिडकीतून परत दिला. त्याने तो झटकून खांद्यावर टाकला आणि बस सुटायच्या आधीच बांधाकडे निघाला. अंधार पडायच्या आत त्याला तो भरायचा होता.